तातडीची पोटाची शस्त्रक्रिया (भाग ६): पेशंट बरा झाला, हे कधी म्हणायचं?

आतड्याला भोक पडलं की सर्जनच्या हाती किती थोडा वेळ उरतो, ते मागच्या भागात पाहिलं. समजा तो वेळ साधला. ऑपरेशन झालं, पेशंट वाचला, डिस्चार्ज कार्ड हातात पडलं. रुग्णालयाच्या दृष्टीने केस इथे संपते. घरच्यांसाठी मात्र ती इथून सुरू होते.

नाशिकच्या द्वारका चौकापुरतं बोलू. मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे रस्ते इथे भेटतात. सिन्नरकडून जिल्हा रुग्णालयाकडे निघालेली रुग्णवाहिका याच कोंडीतून वाट काढते. महापालिकेचं डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयही इथून जवळच आहे. या भागात हातावर पोट असलेली माणसं खूप. त्यांतला चाळिशीचा एखादा हमाल डोळ्यांसमोर आणा. कंबर दुखते म्हणून रोज दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी, तीही उपाशीपोटी, जोडीला विडी. एका रात्री जठराच्या पुढच्या आतड्यातला अल्सर फुटतो. सर्जन पोट उघडून धुतात, भोकावर पोटातल्याच चरबीच्या पदराचं ठिगळ बसवतात. नवव्या दिवशी तो घरी जातो.

आता त्याची पुढची तीन महिन्यांची गोष्ट कोणी लिहून ठेवतं का? जखमेत पू झाला, पुन्हा चार दिवस भरती व्हावं लागलं. निदान दीड-दोन महिने वजन उचलायचं नाही असं सांगितलं, म्हणजे त्याची मजुरीच थांबली. घाईने उचललं तर टाक्यांच्या जागी हर्निया होण्याची भीती. हातउसने घेतलेले पैसे वेगळेच. माणूस जिवंत आहे आणि घर बुडालं आहे. याला चांगला निकाल म्हणता येईल का? मला नाही वाटत.

जगभर अनेक वर्षं मोजमाप एकच होतं: तीस दिवसांनी पेशंट जिवंत आहे का? ते क्षुल्लक नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१३ पासून अशा शस्त्रक्रियांची राष्ट्रीय पातळीवर नोंद सुरू झाली. तेव्हा तीस दिवसांतले मृत्यू शंभरात अकरा-बारा होते, काही वर्षांत ते नऊच्या आसपास आले. २०१६ मध्ये ५८ देशांतल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णाचं वय, आजार वगैरे फरक हिशेबात धरूनही, कमी विकसित देशांत तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता विकसित देशांच्या जवळपास तिप्पट निघाली. म्हणून जीव वाचण्याचा आकडा मोजायलाच हवा. पण वाचलेला माणूस कसा जगतोय, हे त्या आकड्यातून कळत नाही.

याच त्रुटीवर ऑस्ट्रेलियातल्या भूलतज्ज्ञांनी एक साधं माप पुढे आणलं: शस्त्रक्रियेनंतरच्या तीस दिवसांपैकी माणूस किती दिवस स्वतःच्या घरी होता? आपल्या हमालाचे नऊ आणि चार असे तेरा दिवस वजा केले की सतरा उरतात. तीस दिवसांत मृत्यू झाला तर शून्य. गुंतागुंत, पुन्हा भरती, लांबलेला आयसीयू, सगळं या एका आकड्यात येतं. मोजायला यंत्र लागत नाही, एक फोन पुरतो.

आपल्याकडे हे माप लावताना सावध राहावं लागेल. पैसे संपले म्हणून जो लवकर घरी जातो, त्याचे घरचे दिवस कागदावर छान दिसतील. शिवाय घरी असणं म्हणजे सुखात असणं नव्हे. ज्यांचं आतडं पोटावर बाहेर काढून पिशवी लावली जाते, त्यांना विचारा. ती पिशवी बहुतेक वेळा तात्पुरती असते, दोन-तीन महिन्यांनी दुसऱ्या ऑपरेशनने आतडं पुन्हा जोडता येतं. तोवर पिशव्यांचा खर्च, कातडीची आग, चारचौघांत बसायचा संकोच. अशा रुग्णाचं बरं होणं आतडं जोडलं जाईपर्यंत अर्धंच असतं. आणि सत्तरीच्या आजीचं बरं होणं म्हणजे पुन्हा स्वतःच्या पायांनी मोरीपर्यंत जाता येणं. निकालाच्या व्याख्येत तेही बसलं पाहिजे.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेमुळे गरीब घरांना ऑपरेशनच्या खर्चात मोठा आधार मिळाला, हे मनापासून मान्य. पण बुडालेली मजुरी कोण भरून देणार? म्हणून माझ्या मते चांगल्या निकालात चार गोष्टी हव्यात: जीव, घरचे दिवस, कामावर परतणं आणि कर्ज न होणं. शेवटच्या दोन सोडल्या तर द्वारकेवरच्या माणसाचा निकाल अपुराच राहतो.

हे बदलायला नाशिकइतकी योग्य जागा नाही. राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच, म्हसरूळला आहे. सर्जरीत एमएस करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. आतडं फुटलेल्या रुग्णांवरच्या प्रत्येक प्रबंधात नव्वदाव्या दिवशी एक फोन सक्तीचा करावा: जेवता का, कामावर गेलात का, कर्ज काढावं लागलं का?

तोपर्यंत वाचकांना एक विनंती. घरचं माणूस अशा ऑपरेशननंतर घरी येणार असेल, तर डिस्चार्ज कार्ड घेतानाच डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: कामावर कधी जाता येईल, कोणता त्रास झाला तर लगेच परत यायचं, आणि पिशवी असेल तर आतडं जोडायची तारीख कोणती? उत्तरं त्याच कार्डावर लिहून घ्या.