कोकणातील घराचे वर्ष

नवे कॅलेंडर घरात आले, की मुंबईत राहणाऱ्या कोकणी कुटुंबात सर्वांत आधी एक तारीख पाहिली जाते. ती तारीख गणेशचतुर्थीची. वडिलांची रजा, गाडीची तिकिटे, मुलांचे नवे कपडे, या साऱ्या गोष्टी त्या एका दिवसाच्या आधाराने ठरतात. पोटासाठी शहरात राहणाऱ्या या माणसाला गावाकडे ‘चाकरमानी’ म्हणतात. चाकरमान्याचे घर दोन ठिकाणी विभागलेले असते. काही माणसे शहरातील खोलीत, तर काही गावच्या कौलाखाली. वर्षातून दोन-तीन वेळा हे दोन भाग एकत्र येतात. ते केव्हा यावेत, हे पंचांगातील सण सांगतात. आणि त्या सणांच्या मागे पाऊस व भातशेती उभी असते.

घर असे विभागले जाण्याचे कारण कोकणच्या भूमीतच आहे. समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि पश्चिम उतारावर कोसळतात. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, परंतु त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. डोंगर आणि समुद्र यांच्यामधील पट्टी अरुंद व उताराची असल्यामुळे हे पाणी पाहता पाहता समुद्राला मिळते. जांभ्या दगडाची जमीनही पाणी फार काळ धरून ठेवीत नाही. ज्या गावात आषाढात पायवाटा बुडतात, त्याच गावातील विहिरी वैशाखात तळ गाठतात. शेताचे तुकडे लहान, पीक बहुधा भाताचे एकच. तेवढ्यावर साऱ्या घराचे वर्ष निघणे कठीण होते.

१८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली. पुढे गिरण्या वाढल्या आणि त्यांत काम करणाऱ्या माणसांत रत्नागिरी जिल्ह्यातील लोकांचा भरणा मोठा झाला. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा रत्नागिरीतच होता. तो १९८१ साली वेगळा झाला. लालबाग-परळच्या एकेका खोलीत एकाच गावची दहा-वीस माणसे पाळीपाळीने निजत आणि खाणावळीत जेवत. बायकामुले, म्हातारी माणसे व गुरे गावी असत. पोस्टमनने आणलेली मनीऑर्डर आणि चार ओळींचे पत्र, एवढाच एरवीचा संबंध. माणूस प्रत्यक्ष भेटे तो सणाला.

हे सण ऋतूंना धरून कसे राहतात, हे समजून घेण्यासारखे आहे. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, तर सौरवर्ष सुमारे ३६५ दिवसांचे असते. दर वर्षी पडणारे हे अकरा दिवसांचे अंतर तसेच वाढू दिले असते, तर गणपती कधी उन्हाळ्यात, तर कधी थंडीत आले असते. म्हणून सुमारे दर तिसऱ्या वर्षी पंचांगात एक अधिक महिना धरतात आणि मागे पडलेले वर्ष पुन्हा ऋतूशी जुळवून घेतात. त्यामुळे गणेशचतुर्थी ऑगस्टच्या उत्तरार्धापासून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पुढेमागे होते, पण भाताची लावणी उरकल्यावरच येते. पावसाची नक्षत्रे मात्र सूर्याच्या गतीवरून धरतात. म्हणून मृग दर वर्षी जूनच्या ७ किंवा ८ तारखेलाच निघतो. शेतकऱ्याला नांगराची वेळ मृग सांगतो आणि घरच्या भेटीची वेळ चंद्र सांगतो.

कोकणातील घराच्या कामाचे वर्ष खऱ्या अर्थाने वैशाखात सुरू होते. शाळांना सुटी लागते आणि चाकरमान्यांची मुले आजोळी येतात. त्यांना ही सुटी आंब्याफणसांची वाटते. घरातील वडीलधाऱ्यांना ती पावसाळ्याच्या बेगमीची वाटते. अंगणात आमसुले वाळत पडतात, आंबापोळी व फणसपोळी घातली जाते, कुळीथ आणि मिठातल्या कैऱ्या बरण्यांत जातात. छपरावरची कौले उतरवून, पुसून, फुटलेली बदलून पुन्हा बसवितात. सरपणाच्या मोळ्या पडवीत रचल्या जातात. एकदा पाऊस लागला, की चार महिने ओले लाकूड पेटत नाही आणि चुकलेले कौल बदलता येत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. कौले हातोहात वर देताना मुलाला सुटी आणि काम यांतील भेद फारसा जाणवत नाही. आपल्या घराचे छप्पर कसे उभे आहे, हे मात्र तो त्याच दिवसांत शिकतो.

मृगानंतर घर शेतात जाते. तरव्यात रुजलेली रोपे उपटून चिखलात लावताना बायका दिवसभर कमरेत वाकलेल्या असतात. श्रावणात लावणी संपते. नागपंचमीला हळदीच्या पानांतील पातोळ्या उकडल्या जातात, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण होतो. भादव्यात शेत हिरवेगार उभे असते. कापणीला अद्याप अवकाश असतो. काम थोडे, पाणी मुबलक आणि परसात भाज्या भरपूर, अशा त्या नेमक्या वेळी गणपती येतात.

या सणाची तयारी दिसते त्याहून आधी सुरू होते. गावात मूर्ती घडविण्याच्या जागेला ‘गणपतीची शाळा’ म्हणतात. प्रत्येक घर आपला पाट तेथे नेऊन ठेवते आणि त्या पाटावरच त्या घरचा गणपती आकार घेतो. चतुर्थीला मूर्ती वाजतगाजत घरी आणतात. तिच्यावर लाकडी चौकट टांगलेली असते. तिला सिंधुदुर्गात ‘माटवी’ आणि गोव्यात ‘माटोळी’ म्हणतात. तीत नारळ, सुपारीचे घड, तवसे, चिबूड, निरफणस, तांबडी कवंडळे आणि कांगणीची फळे बांधलेली असतात. शेतातील, परसातील आणि रानातील त्या ऋतूचा सारा संसार त्या चौकटीत एकत्र येतो. रानातील वस्तू आणण्याचे काम मुलांचे. कोणती वेल कोणत्या बांधावर सापडते, हे आजोबा सांगतात आणि नातू शोधून आणतो. शहरात वाढलेल्या मुलाला गावच्या रानाची ओळख होते ती अशी.

परंतु या सणातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. अनेक कुटुंबांत भाऊ वेगळे झाले, शेते वाटली गेली, चुली निराळ्या झाल्या, तरी गणपती मात्र मूळ घरात एकच राहिला. खर्चाची वर्षे पाळीने वाटून घेतात, नैवेद्य एकत्र शिजतो आणि आरतीला सारे एका ओळीत उभे राहतात. ज्या दोन भावांत बांधावरून बोलणे बंद झालेले असते, त्यांनाही त्या दिवशी एकाच ओटीवर बसावे लागते. तंटा तेवढ्याने मिटतोच असे नाही. पण तो वर्षभर वाढत राहिला असता, तो एका दिवशी तरी थांबतो. रात्री भजने होतात, बायका फुगड्या घालतात, आणि चुलीपुढे बसून वर्षभराच्या गोष्टी बोलल्या जातात. कोण आजारी आहे, कोणाची नोकरी गेली, कोणत्या मुलीचे लग्न जमले, हे पत्रातून न कळलेले तेथे कळते.

दिवाळीला भात घरात आलेला असतो. पहाटे अंगणात तुळशीपुढे कडू कारीट पायाच्या अंगठ्याने फोडतात आणि नव्या भाताच्या पोह्यांचे निरनिराळे प्रकार करतात. फाल्गुनात शेते मोकळी, वाटा कोरड्या, म्हणून शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरू शकते. पालखी दारी येईल तेव्हा घर उघडे असावे, एवढ्यासाठी चाकरमानी पुन्हा एकदा वाट धरतो.

ही वाट सोपी कधीच नव्हती. पूर्वी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून आगबोट सुटे आणि हर्णै, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जाई. बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना मचव्यात उतरून किनारा गाठावा लागे. पावसाळ्यात त्या बोटी बंद असत. तेव्हा रेल्वेने कोल्हापूर गाठून, घाट उतरून गाव जवळ करावे लागे. मुंबई-रेवससारखी जवळची वाहतूकही त्या दिवसांत निर्धोक नव्हती. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढातील अमावास्येच्या सुमारास, रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळी समुद्रात बुडाली. सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील कित्येक सणासाठी घरी निघालेली होती.

पुढे एस.टी.ने घाटवाटा गावांच्या जवळ आणल्या. २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली. डोंगर पोखरून आणि नद्यांवर पूल बांधून तयार केलेल्या या मार्गावर रत्नागिरीजवळ पानवल येथील पूल ६४ मीटर उंच आहे, तर करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे. दोन दिवसांची वाट एका रात्रीची झाली.

मात्र वाट सोपी झाली, तरी गावातील माणसे कमी होत गेली. १९८२ च्या संपानंतर मुंबईतील अनेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या. काही कामगार गावी परतले, पण त्यांची मुले पुन्हा शहरांकडेच गेली. आता बायकामुलेही शहरात राहतात. अनेक घरांना वर्षातील बहुतेक दिवस कुलूप असते. किल्ली शेजाऱ्याकडे असते आणि तुळशीपुढे संध्याकाळचा दिवा तोच लावतो. अशा घराचे कौल सरकले, तर पाणी तुळईत मुरते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत भिंत खचते. जे घर गणपतीला उघडते, त्याचे छप्पर त्याआधी कोणी तरी पाहून घेतलेले असते. म्हणूनच २०२० साली साथीच्या काळातही कित्येक चाकरमानी विलगीकरणाचे दिवस काढून आपल्या घरी पोहोचले.

विसर्जनाच्या दिवशी मूर्ती नदीत किंवा पाणवठ्यावर पोचविली जाते. रिकामा पाट तसाच परत आणीत नाहीत. त्यावर नदीतील मूठभर वाळू ठेवतात आणि ती घरात आणतात. दुसऱ्या दिवशी तांदूळ, नारळ व आमसुले यांची गाठोडी बांधून शहराची माणसे निघतात. पाट धुऊन, पुसून भिंतीला टेकवून ठेवला जातो. पुढच्या श्रावणात तो पुन्हा गणपतीच्या शाळेत न्यावयाचा असतो, आणि तो न्यायला कोणी येणार आहे, या भरवशावर ते घर उभे असते.