पाहुण्यांची अनामत आणि घरगुती निवासाचा हिशेब

कोकण किनाऱ्यावरील गणपतीपुळे, दिवेआगर, तारकर्ली यांसारख्या गावांतून दिवाळीच्या व मे महिन्याच्या सुट्टीत पर्यटकांची मोठी वर्दळ असते. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या निवास व न्याहारी योजनेसारख्या उपक्रमांमुळे अनेक कुटुंबांनी राहत्या घरातील दोन-चार खोल्या पाहुण्यांसाठी खुल्या केल्या आहेत. आंबा-सुपारीच्या उत्पन्नाला त्यामुळे चांगली जोड मिळते. तथापि, खोली स्वच्छ आणि जेवण रुचकर असूनही निरोपाच्या वेळी पैशावरून कटुता आली, तर सारे श्रम वाया जातात. या कटुतेचे मूळ बहुधा अप्रामाणिकपणात नसते. वेगवेगळ्या स्वरूपाच्या रकमा एकाच गल्ल्यात आणि वहीच्या एकाच रकान्यात जमा होतात, यात ते असते.

तीन रकमा, तीन स्वरूपे

पाहुण्याकडून येणारा पैसा तीन प्रकारचा असतो. खोली राखून ठेवण्यासाठी घेतलेली आगाऊ रक्कम हा भाड्याचाच भाग होय. मुक्कामाचे भाडे व जेवणाचा आकार हे व्यवसायाचे उत्पन्न होय. अनामत मात्र यांहून निराळी आहे. ती पाहुण्याचीच रक्कम असून मालकाकडे केवळ विश्वासाने ठेवलेली असते. वस्तू व सेवा कर कायद्यानेही हा भेद मानला आहे. अनामत प्रत्यक्ष मोबदल्यात वळती केली जाईपर्यंत ती सेवेचा मोबदला समजली जात नाही.

उदाहरणार्थ, दररोज १,५०० रुपये दराच्या दोन खोल्या तीन रात्रींसाठी घेतल्यास भाडे ९,००० रुपये होते. त्यापैकी ३,००० रुपये आगाऊ आले. पाहुण्याने आगमनाच्या वेळी उरलेले ६,००० रुपये व अनामत १,००० रुपये दिले. निघताना खिडकीची एक काच फुटलेली आढळली व ती बसविण्याचा खर्च ३०० रुपये आला, तर ७०० रुपये परत करावयाचे आणि ३०० रुपयांची वळती पावतीवर नमूद करावयाची. अनामतीचे १,००० रुपये भाड्याच्या रकान्यात लिहिले गेले, तर उत्पन्न फुगलेले दिसते. शिवाय तीच रक्कम किराण्यावर खर्च होऊन परत देण्याच्या वेळी उसनवारीचा प्रसंग ओढवतो. म्हणून अनामतीसाठी वहीत स्वतंत्र रकाना व गल्ल्यात स्वतंत्र पाकीट असणे हिताचे ठरते.

पावती आणि पूर्वसूचना

प्रत्येक रकमेची क्रमांकित पावती द्यावी व तिची स्थळप्रत जपून ठेवावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेची पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. रोख ५,००० रुपयांहून अधिक रकमेच्या पावतीवर १ रुपयाचे महसुली तिकीट लावावे लागते. सेवा देणाऱ्या व्यावसायिकास महाराष्ट्रात वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असल्यास सर्वसाधारणपणे वस्तू व सेवा कराची नोंदणी आवश्यक नसते. मात्र नोंदणी नसलेल्याने पाहुण्याकडून हा कर वसूल करता कामा नये.

मुक्काम रद्द झाल्यास किती रक्कम परत मिळेल, हे पैसे स्वीकारण्यापूर्वीच लेखी कळवावे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली, तरी ती केवळ कमाल मर्यादा असते. त्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळू शकते. अवाजवी अनामत घेणे व नुकसानीच्या मानाने बेसुमार दंड आकारणे या गोष्टी २०१९ च्या कायद्याने अनुचित कराराच्या व्याख्येत घातल्या आहेत. रद्द झालेली खोली त्याच दिवसांसाठी दुसऱ्या पाहुण्यास दिली गेली असेल, तर पहिल्याची सारी रक्कम अडवून ठेवणे न्याय्य ठरत नाही.

भ्रमणध्वनीवरील व्यवहार

२०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीने आगाऊ रक्कम घेणे सुलभ झाले, पण फसवणुकीचे प्रकारही वाढले. मोठ्या गटासाठी खोल्या हव्यात असे सांगून, पैसे पाठविण्याच्या बहाण्याने मालकालाच क्यूआर कोड स्कॅन करावयास लावले जाते. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही द्यावा लागत नाही, ही एक गोष्ट घरातील सर्वांना ठाऊक हवी. पैसे पाठविल्याचे छायाचित्र म्हणजे रक्कम जमा झाल्याचा पुरावा नव्हे. खात्यातील जमा पाहूनच पावती फाडावी. फसवणूक झाल्यास विलंब न करता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

पर्यटन वाढत असलेल्या गावांतील पंचायत सदस्यांनी पावतीचा व नियमपत्रकाचा एकसारखा मराठी नमुना सर्व घरमालकांना उपलब्ध करून दिल्यास आणि शिक्षकांनी बचत गटांच्या बैठकीत वहीचे रकाने समजावून दिल्यास हे काम अल्प खर्चात होण्यासारखे आहे. एका घरी अनामतीवरून झालेला वाद साऱ्या गावाच्या लौकिकास बाधतो. तसाच एका घराचा चोख हिशेब साऱ्या गावाला पाहुणे मिळवून देतो.