काँग्रेसवाले ह्यूम आणि रद्दीत गेलेली पाखरं

ऐकायला वेळ नव्हता, म्हणून थेट वाचायला आलात? चालतंय की.

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. शाळेत एका मार्काला यायचे, आठवतंय? १८८५, काँग्रेसची स्थापना, पुढचा प्रश्न. पण याच माणसाला त्या काळी भारतीय पक्षिशास्त्राचा पोप म्हणायचे, हे काही पुस्तकात नव्हतं.

ह्यूम १८४९ साली इंग्रज सरकारच्या नोकरीत भारतात आले. नोकरी कलेक्टरची, जीव मात्र पाखरांत. आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. तेव्हाचं पक्षिनिरीक्षण म्हणजे दुर्बीण आणि कॅमेरा नव्हे. पक्षी मारायचा, कातडी सोलून वाळवायची आणि पायाला चिठ्ठी बांधायची: कुठे मिळाला, कधी, कोणाला. आज वाचताना पोटात ढवळतं, पण त्या चिठ्ठीकडे लक्ष ठेवा, ती पुढे कामाला येणार आहे.

एकट्यानं सगळा देश पालथा घालणं शक्यच नव्हतं. मग ह्यूमनी पत्रं लिहायला घेतली. कुठे जंगलखात्याचा साहेब, कुठे लष्करी डॉक्टर, जो पाखरांत रस घेईल त्याला पत्र: तुमच्याकडे काय दिसतं ते कळवा, नमुना पाठवा. १८७२ पासून त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ नावाचं नियतकालिकच काढलं. आपण आज ई-बर्डवर यादी टाकतो ना, तसंच, फक्त टपालानं. सिमल्याच्या बंगल्यात संग्रहालय उभं राहिलं आणि भारतातल्या पक्ष्यांवरच्या मोठ्या ग्रंथाची तयारी सुरू झाली.

मधल्या काळात वरिष्ठांशी पटेना, कारण हे गृहस्थ सरकारच्या चुका तोंडावर सांगायचे. १८७९ मध्ये त्यांना सचिवपदावरून खाली उतरवलं. आणि मग घरातच घाव बसला. ह्यूम सिमल्याबाहेर असताना एका नोकरानं संग्रहालय फोडलं आणि हस्तलिखितं, पत्रव्यवहार असे काहीशे किलो कागद बाजारात रद्दीच्या भावानं विकून टाकले. वर्षानुवर्षांचं काम, आणि दुसरी प्रत नाही! फोन हरवला की आपला कसा जीव जातो, इथे तर अख्खा ग्रंथच गेला.

ह्यूमनी पाखरांचा नाद सोडला. १८८५ मध्ये कातडी आणि अंडी मिळून सुमारे ८२,००० नमुने लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले. ४७ पेट्या भरल्या. त्याच वर्षी २८ डिसेंबरला मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. खरं तर ते पुण्यात ठरलं होतं, पण तिथे कॉलऱ्याची साथ आली. ७२ प्रतिनिधी आले. सरचिटणीस कोण? आपले ह्यूम.

माझं मत विचाराल तर कागद गेले तरी सवय शाबूत होती. गावोगावच्या अनोळखी माणसांना पत्रं लिहून एका कामाला जोडायचं, हे ते पाखरांसाठी आधीपासून करतच होते. काँग्रेस फक्त ह्यूमनी उभी केली असं मी म्हणत नाही हां. दादाभाई, तेलंग, फिरोजशहा मेहता ही मंडळी काय कमी होती? पण चिठ्ठ्याचपाट्यांचा उरक ह्यूमचाच.

आता पायाच्या चिठ्ठीकडे येऊ. १८७३ मध्ये ह्यूमनी एका छोट्या घुबडाला शास्त्रीय नाव दिलं. आपला रानपिंगळा. खानदेशातही त्याचे नमुने मिळाले होते, पण १८८४ नंतर तो खात्रीनं कुणाला दिसलाच नाही. मध्येच गुजरात, १९१४ अशी चिठ्ठी लावलेला एक नमुना सापडला, त्यामुळे लोक भलत्याच ठिकाणी शोधत बसले. पामेला रासमुसेन या संशोधिकेनं संग्रहालयातली जुनी कातडी बारकाईनं तपासली, तेव्हा कळलं की तो नमुना चोरीचा होता आणि चिठ्ठी खोटी. मग त्या आणि त्यांचे सहकारी खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या जागा शोधत निघाले.

नोव्हेंबर १९९७. सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ. सकाळच्या उन्हात, बिनपानांच्या झाडावर रानपिंगळा बसलेला होता. तब्बल ११३ वर्षांनी.