वार्षिकांकाची पानं लावताना: आधी डमी, मग डीटीपी

शाळा-कॉलेजात स्नेहसंमेलन उरकलं की वार्षिकांकाची गडबड सुरू होते. मुलांकडून कविता, लेख, चित्रं गोळा होतात. सगळं पेन ड्राइव्हवर भरून तालुक्याच्या डीटीपीवाल्याकडे जातं आणि "कसंही करा, पण बत्तीस पानांत बसवा" एवढंच सांगितलं जातं. तो बसवतोही. अंक हातात आल्यावर सातवीतली मुलगी स्वतःची कविता शोधते, तेव्हा ती शेवटच्या पानांत, एका पानावरच्या सहा कवितांमध्ये, मुंगीएवढ्या अक्षरात सापडते. वर आडनावही चुकलेलं.

यात डीटीपीवाल्याचा दोष थोडाच. कुणाला किती जागा द्यायची हे आधी ठरलेलं नसतं. संदेश, अहवाल, सत्काराचे फोटो आणि जाहिराती पुढे बसतात आणि उरलेली जागा मुलांच्या वाट्याला येते. हे टाळायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. आठ कोरे कागद आणि एक पेन्सिल पुरते.

पानं चारच्या पटीतच का?

ए-४ आकाराचा अंक ए-३ कागद मधोमध दुमडून, मधे पिन मारून तयार होतो. एका कागदाला दोन बाजू आणि प्रत्येक बाजूवर दोन पानं, म्हणजे एका कागदात चार पानं. म्हणून अंक २८, ३२ किंवा ३६ पानांचा होतो. ३० पानांचा करायला गेलं तर दोन पानं कोरी राहतात, नाहीतर ऐनवेळी काहीतरी भरावं लागतं.

३२ पानांसाठी आठ कागद एकत्र दुमडून छोटी वही करावी आणि पानांना १ ते ३२ आकडे घालावेत. हीच डमी. वही उलगडली की दिसतं, की पान १ च्या शेजारी ३२ आहे आणि २ च्या शेजारी ३१. शेजारच्या दोन पानांची बेरीज नेहमी ३३ येते. फक्त १६ आणि १७ ही मधली पानं एकाच कागदावर सलग येतात. मोठं चित्र किंवा सगळ्या वर्गाचा फोटो तिथे टाकला तर मधे तुटत नाही.

याचा पैशाशीही संबंध आहे. रंगीत पानं अंकभर विखुरली तर जास्त कागद रंगीत छापावे लागतात. १५, १६, १७ आणि १८ ही चार पानं एकाच कागदावर येतात. चित्रं तिथे एकत्र ठेवली तर खर्च आवाक्यात राहतो. प्रेसवाला मोठ्या कागदावर छापणार असेल तर हिशोब बदलतो, म्हणून डमी घेऊन त्याला आधीच विचारावं.

आधी मुलांची पानं

डमीत सगळ्यात आधी मुलांचं लेखन मांडावं. समजा ३२ पैकी २२ पानं मुलांची असं ठरलं, तर अनुक्रमणिका, संपादकीय, संदेश, अहवाल आणि जाहिराती उरलेल्या १० पानांत बसवायच्या. चार संदेश एका पानावर बसतात. त्यांना चार पानं लागत नाहीत. मुखपृष्ठ वेगळ्या जाड कागदाचं असेल तर त्याच्या आतल्या दोन बाजू आणि मलपृष्ठ जाहिरातींना देता येतं.

ए-४ पानावर मथळा आणि छोटं चित्र धरून साधारण ३५० ते ४०० शब्द नीट बसतात. हा आकडा मुलांना लेख मागतानाच सांगितला, तर नंतर कात्री लावावी लागत नाही.

अक्षर आजीला वाचता यावं

वार्षिकांक घरी जातो, तो आजी-आजोबाही वाचतात. मराठी मजकूर १२ पॉइंटच्या खाली नसावा. फॉन्टनुसार अक्षर लहान-मोठं दिसतं, म्हणून एक पान छापून हातात धरून पाहावं. मराठीत वेलांटी आणि रफार वर जातात, उकार खाली येतो. ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. १२ पॉइंटच्या अक्षराला १८ पॉइंटचं अंतर ठेवलं तर पान मोकळं वाटतं.

मजकुराला एक आणि मथळ्याला एक, असे दोनच फॉन्ट बास. मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेले मुक्ता आणि बालू हे फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात. मथळा ताणायला अक्षरांत अंतर वाढवू नये, त्याने शिरोरेषा तुटते. फोटोवर मजकूर छापू नये. कवितेची ओळ जागेअभावी मोडू नये. ओळ लांब असेल तर त्या कवितेला दोन कॉलमऐवजी पूर्ण रुंदी द्यावी.

चारही बाजूंना साधारण २० मिलिमीटर समास सोडावा, म्हणजे अक्षरं दुमडीत जात नाहीत आणि कटिंगमध्ये कापली जात नाहीत. रंग किंवा फोटो पानाच्या कडेपर्यंत न्यायचा असेल तर तो कडेबाहेर ३ मिलिमीटर जास्त घ्यावा.

मोबाइलवरचं मराठी बिघडतं कुठे?

मोबाइलवर टाइप केलेलं मराठी युनिकोडमध्ये असतं. बऱ्याच डीटीपी केंद्रांत अजून पेजमेकर आणि जुने फॉन्ट चालतात, त्यांना युनिकोड कळत नाही. मग मजकूर कन्व्हर्टरमधून बदलावा लागतो आणि त्यात 'वाऱ्यावर', 'श्री', 'क्षण' अशा शब्दांतली जोडाक्षरं बिघडू शकतात. म्हणून युनिकोड चालणारं सॉफ्टवेअर आहे का, हे काम देण्याआधी विचारावं. संगणक शिकणारी मुलं असतील तर स्क्रायबस या मोफत सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत मराठी पानं शाळेतच लावता येतात. प्रेसला पीडीएफ द्यावी, म्हणजे फॉन्ट बदलण्याची भीती कमी होते.

फोटोंचंही तसंच. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो लहान होतो. स्क्रीनवर तो छान दिसतो, छापल्यावर फुटतो. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा किंवा केबलने घ्यावा. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे सहा इंच रुंद फोटोला १८०० पिक्सेल.

शेवटचं प्रूफ मुलांच्या हातात

छपाईला देण्याआधी सगळी पानं साध्या प्रिंटरवर काढून वर्गात फिरवावीत. प्रत्येकाने स्वतःचं पान वाचून, नाव तपासून खाली सही करावी. शिक्षकांनी कितीही बारकाईने पाहिलं तरी स्वतःच्या आडनावातली चूक त्या मुलालाच आधी दिसते. एका तासाचं काम आहे. एकदा पाचशे प्रती छापून आल्या की नाव दुरुस्त होत नाही, आणि बऱ्याच मुलांसाठी छापलेलं पहिलं नाव तेच असतं.