पल्लामापक कॅमेऱ्यासाठी भिंगाची निवड
पल्लामापक (रेंजफाइंडर) कॅमेऱ्यात दृश्य छायाचित्रण भिंगातून न पाहता कॅमेऱ्यातील स्वतंत्र दर्शकातून पाहतात. भिंगाचे कडे फिरवून दर्शकातील दोन प्रतिमा एकमेकींवर जुळविल्या म्हणजे भिंगाचे केंद्रीकरण होते. दैनंदिन वापरास कोणत्या केंद्रांतराचे भिंग योग्य, हे बव्हंशी या रचनेवरून ठरते.

ओस्कार बार्नाक यांनी रचलेला लायका कॅमेरा १९२५ मध्ये विक्रीस आला. त्याची चौकट २४ × ३६ मिमी. व भिंग ५० मिमी. केंद्रांतराचे होते. भिंगाशी जोडलेला पल्लामापक १९३२ मध्ये लायका २ या प्रतिकृतीत आला. या चौकटीचा कर्ण सुमारे ४३ मिमी. असल्याने त्याच्या जवळपासचे केंद्रांतर सामान्य मानतात. कर्णावर मोजलेला दृश्यकोन २८ मिमी. भिंगाचा सु. ७५°, ३५ मिमी.चा ६३°, ५० मिमी.चा ४७°, ९० मिमी.चा २७° व १३५ मिमी.चा १८° असतो. कॅमेरा आडवा धरल्यास ५ मी. अंतरावर ३५ मिमी. भिंगात सु. ५·१ मी., ५० मिमी.मध्ये ३·६ मी. व ९० मिमी.मध्ये २ मी. रुंदीचे दृश्य मावते. यथादर्शन मात्र केंद्रांतरावर नव्हे, तर कॅमेरा व वस्तू यांमधील अंतरावर अवलंबून असते. म्हणून प्रथम उभे राहण्याची जागा ठरवावी व मग भिंग निवडावे.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल. शहरातील कापड बाजारासारख्या गर्दीच्या ठिकाणी मागे सरकण्यास जागा कमी असते. तेथे ३५ मिमी. भिंग उपयोगी पडते. ‘चांदबिबीचा महाल’ म्हणून ओळखली जाणारी सलाबतखानाची अष्टकोनी, तीनमजली कबर डोंगरावर आहे. तिच्या पायथ्याशी उभे राहून रुंद कोनाच्या भिंगाचा कॅमेरा वर कलविल्यास उभ्या रेषा माथ्याकडे एकवटतात. दूर जाऊन, कॅमेरा सरळ धरून ५० मिमी. भिंग वापरल्यास वास्तूची प्रमाणे नीट उमटतात. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्यात मात्र या कॅमेऱ्याची मर्यादा कळते. ६० मी. अंतरावरील १·२ मी. लांबीच्या काळविटाची प्रतिमा ५० मिमी. भिंगाने १ मिमी. व १३५ मिमी. भिंगाने अवघी २·७ मिमी. उमटते. अशा कामास दीर्घ केंद्रांतराचे भिंग बसविता येणारा एकभिंगी परावर्तक कॅमेराच इष्ट होय.

याहून दीर्घ भिंगे पल्लामापकास सहसा मानवत नाहीत. पल्लामापकाच्या दोन गवाक्षांमधील अंतर थोडे असते, तर केंद्रांतर वाढते तशी केंद्रीकरणातील सूक्ष्म चूकही ठळक होते. शिवाय भिंग बदलले तरी दर्शकातील दृश्य तेवढेच राहते. त्यातील चौकटरेषा तेवढ्या बदलतात. त्यामुळे १३५ मिमी.ची चौकट फार लहान दिसते. लायका एम ३ (१९५४) मध्ये ५०, ९० व १३५ मिमी.च्या, तर एम २ (१९५८) मध्ये ३५, ५० व ९० मिमी.च्या चौकटरेषा होत्या. चौकटीबाहेरचे दृश्यही दिसत असल्याने त्यात शिरू पाहणारी व्यक्ती आधीच लक्षात येते. हा या रचनेचा मोठा लाभ आहे.

सर्वसाधारण वापरास ३५ किंवा ५० मिमी.चे एक भिंग पुरते. व्यक्तिचित्रांसाठी ९० मिमी.ची जोड द्यावी. एकच भिंग दीर्घकाळ वापरल्यास दर्शक डोळ्यास लावण्यापूर्वीच चौकटीत काय येईल याचा अंदाज बांधता येतो.