मातीत खेळू द्या, हात मात्र धुवा

पोर जेवतं, पण अंगी लागत नाही. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्या. घरची माणसं म्हणतात, दृष्ट लागली. मीठमोहऱ्या ओवाळतात. शाळेत आम्ही अशी पुष्कळ मुलं पाहिली. दवाखान्यात नेल्यावर बहुतेकांच्या पोटात जंत निघाले.

जंत येतात कुठून? कोणी उघड्यावर शौचाला बसतं. त्यातून जंतांची अंडी मातीत मिसळतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. मूल मातीत खेळतं आणि तोच हात तोंडात घालतं. अंकुशकृमी नावाच्या जंताची पिल्लं तर अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. हा जंत आतड्याला चिकटून रक्त पितो. मूल पांढरंफटक पडतं.

मग खेळ बंद करावा का? पूर्वी आम्हीही ओरडत होतो, "मातीत जाऊ नका रे!" ते आमचं चुकलं. खेळानं हाडं बळकट होतात, भूक लागते, झोप गाढ येते. १ ते ४ वर्षांच्या मुलानं दिवसातून निदान ३ तास हिंडावं, धावावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं आहे.

तेव्हा एवढंच करा. जेवणाआधी आणि शौचानंतर साबणानं हात धुवा. आठवड्याला नखं कापा. पायांत चप्पल असू द्या. शौचाला संडासातच बसवा. अंगणवाडीत जंताची गोळी फुकट मिळते, ती चुकवू नका.

आणि आईबापांनो, आधी आपले हात धुवा. पोर ऐकून शिकत नाही, बघून शिकतं.