भाडेकरू गेला, सामान राहिलं

मंडळी, भाडेकराराविषयी बोललो की नंतर चहाच्या वेळी एक प्रश्न आमच्याकडे हमखास येतो. मुलाने खोली सोडली, किल्ली परत दिली, पण फ्रिज, कॉट आणि दोन बॅगा मागे राहिल्या. ‘पुढच्या आठवड्यात नेतो, काका’ म्हणाला. त्याला चार महिने झाले. फोन उचलत नाही. नवा भाडेकरू दारात उभा आहे. मग हे सामान आता कुणाचं?

उत्तर घरमालकांना आवडत नाही. सामान त्या मुलाचंच आहे. जागा आपली म्हणून तिथली वस्तू आपली होत नाही. ‘पंधरा दिवसांत नेलं नाही की आपलं’ ही निव्वळ समजूत आहे. कायद्यात असा दिवसांचा आकडा नाही.

आधी एक गोष्ट तपासा. किल्ली खरंच परत मिळालीय ना? दाराला त्याचंच कुलूप असेल, तर प्रश्न सामानाचा नाही, ताब्याचा आहे. ते कुलूप तोडू नका. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली असेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

खोली ताब्यात आली आणि सामान तेवढं उरलं, तर आपण कोण? राखणदार. त्याने सांगून ठेवलं असेल तर ती ठेव झाली. न सांगता टाकून गेला आणि आपण ते सांभाळायला घेतलं, तरी भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७१ तीच जबाबदारी आपल्यावर टाकतं. काळजी किती घ्यायची? कलम १५१ म्हणतं, साधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तितकी. म्हणजे फ्रिज पावसात गच्चीवर ठेवायचा नाही. पण त्यासाठी गोदाम भाड्याने घ्या, असंही कुणी म्हणत नाही.

‘भाडं थकलंय, मग सामान अडवून ठेवू?’ हा पुढचा प्रश्न. सर्वसाधारण थकबाकीसाठी दुसऱ्याची वस्तू रोखण्याचा हक्क कलम १७१ ने बँका, वकील अशा मोजक्यांनाच दिलाय. त्या यादीत घरमालक नाही. तसा करार नसेल, तर भाड्याची वसुली वेगळी आणि सामान वेगळं. सांभाळण्याचा खर्च मात्र मागता येतो.

विकता येतं का? कलम १६९ सापडलेल्या वस्तूबद्दल वाट दाखवतं. बाजारात विकली जाणारी वस्तू असावी; वाजवी शोध घेऊनही मालक सापडत नसावा किंवा कायदेशीर खर्च द्यायला तो नकार देत असावा; शिवाय वस्तू नासण्याच्या बेतात असावी, किंवा खर्च तिच्या किमतीच्या दोन तृतीयांशावर गेलेला असावा. एवढं जुळलं तरच विक्री. आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम त्याची.

आणि परस्पर वापरलं, विकलं तर? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ अप्रामाणिकपणे केलेल्या अपहाराबद्दल सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड सांगतं. विश्वासाने सोपवलेल्या वस्तूचा अपहार केला, तर कलम ३१६ खाली पाच वर्षांपर्यंत. मात्र मालकाला शोधून, कळवून, वाजवी काळ थांबलेल्या माणसाकडे कायदा वेगळ्या नजरेने बघतो. म्हणून आपलं संरक्षण कशात? थांबल्याच्या पुराव्यात.

तेव्हा असं करा. दोन साक्षीदारांसमोर यादी आणि फोटो काढा. करारातल्या कायमच्या पत्त्यावर पोच मिळेल अशा टपालाने पत्र पाठवा, तोच मजकूर व्हॉट्सॲपवरही टाका: अमुक तारखेपर्यंत न्या, नाहीतर पुढे काय करणार आहोत. मुदत एखाद महिन्याची, सामान न्यायला खरोखर पुरेल अशी ठेवा. गुणपत्रिका, पासपोर्ट अशी कागदपत्रं वेगळ्या पाकिटात जपा. ती भंगारात कधीच घालायची नाहीत. वस्तू महाग असेल, तर विकण्याआधी वकिलाला विचारा.

‘तीन वर्षं गेली, आता हक्क बुडाला’ असंही धरून चालू नका. ठेवलेल्या वस्तूसाठी मुदत कायद्यातली तीन वर्षं मोजायची ती त्याने मागितल्यावर आपण नाही म्हटलं, त्या दिवसापासून.

आणि पुढच्या करारात दोन ओळी वाढवा: मागे राहिलेलं सामान किती दिवस ठेवायचं, खर्च कुणाचा, नंतर काय करायचं. सही होताना सगळे हसतमुख असतात, तेव्हाच हे लिहून होतं.